घाटातली गाडी आणि कमानीचा हिसाब

सातपुड्याच्या डोंगरात अक्राणी तालुक्याचे ठाणे म्हणजे धडगाव. शहाद्याकडून या, नाहीतर तळोद्याकडून चांदसैलीचा घाट चढून या, डोंगर ओलांडल्याशिवाय गावात पाय पडत नाही. रेल्वे नंदुरबारला थांबते. पुढचे सगळे काम जीप, पिकअप आणि टेम्पो यांचे. कापड, भांडी, मीठ, चपला, खत, पत्रे, जे काही धडगावच्या बाजारात विकले जाते ते याच गाड्यांवर चढून येते, आणि उन्हाळ्यात आमचूर, हंगामात चारोळी व कडधान्य याच गाड्यांतून खाली उतरते. होळीआधी भोंगऱ्याचा बाजार भरतो तेव्हा तर गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

आम्ही कापडवाले. गॅरेज हा आमचा धंदा नव्हे. पण आमच्या मालाचा जीव गाडीत आणि गाडीचा जीव कमानीत अडकलेला असल्याने या विषयाशी आमचा संबंध दुकानाच्या वजनमापाइतकाच जवळचा आहे. शिवाय कमानीचे पाटे बांधणे, ठोकणे आणि बदलणे हा हुनर आमच्या अनेक बांधवांच्या हातात आहे. कोणी रस्त्याकडेला शेड टाकली आहे, कोणी घराच्या अंगणातच लिंबाखाली ऐरण ठेवली आहे. म्हणून या पानावर गिऱ्हाईक आणि कारीगर दोघांनाही उपयोगी पडेल असा हिसाब मांडावा, असे आम्हांस वाटले.

डोंगरात माल नेणारा प्रत्येक गाडीवाला कधी ना कधी पाटेवाल्यासमोर गाडी उभी करतो आणि म्हणतो, "उस्ताद, गाडी बसते, मागे दोन पाटे वाढवून द्या." उस्ताद दोन पाटे वाढवतो, गाडी चार बोटे वर येते, गाडीवाला खूश होऊन जातो. या दोन पाट्यांनी गाडीचे नेमके काय झाले, हे मात्र दोघांपैकी कोणी विचारत नाही. घाटात ते विचारायला सवड मिळत नाही.

कमान करते काय?

घोडागाडीला लोखंडी पाट्यांच्या कमानी पूर्वीपासून होत्या. 1804 मध्ये लंडनच्या ओबाडाया इलियट याने दोन कमानी तोंडाला तोंड जोडून बसवण्याचे पेटंट घेतले आणि गाडीखालचा जड लाकडी सांगाडा त्यामुळे गेला. मोटारगाडीने हीच चीज उचलली. आपल्याकडे डोंगरातल्या गाडीची गोष्ट जीपपासून सुरू होते. 1945 मध्ये लुधियान्यात महिंद्रा अँड मुहम्मद नावाची पेढी निघाली. त्यातले मुहम्मद म्हणजे मलिक गुलाम मुहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले, आणि 1948 मध्ये पेढीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. विलीज जीपची जुळणी या पेढीने 1947 मध्ये सुरू केली. त्या जीपखाली चारही चाकांना पाट्यांच्या कमानी होत्या. आजच्या पिकअपच्या मागच्या ॲक्सलखाली त्याच जातीची कमान असते. फरक पोलादाचा आणि मापाचा.

कमानीला कोणी पाटे म्हणतो, कोणी स्प्रिंग. सर्वांत लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन टोकांना डोळे वळवलेले. एक डोळा चासीला पक्का, दुसरा शॅकलला लोंबता, कारण ओझ्याने कमान सरळ होते तेव्हा तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला सरकायला जागा हवी. मेन पाट्याखाली उतरत्या लांबीचे पाटे, मधोमध सगळ्यांना ओवणारा सेंटर बोल्ट, आणि ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट.

या कमानीला एकाच वेळी दोन कामे करायची असतात. ओझे उचलायचे, आणि ॲक्सल जागच्या जागी धरून ठेवायचा. ब्रेक मारला की चाक मागे राहू पाहते, गिअर टाकला की ॲक्सल फिरू पाहतो. हा सगळा ताण मेन पाट्यावर आणि त्याच्या डोळ्यांवर येतो. घाट उतरताना मेन पाटा तुटला तर गाडी नुसती बसत नाही, ॲक्सल तिरका होतो आणि गाडी चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

एक पाटा वाढवला तर किती वाढले?

आता हिसाब. समजा एका पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर रिकामे असताना 700 किलो भार आहे आणि माल भरल्यावर 1,300 किलो. म्हणजे 600 किलो वाढले, एका बाजूच्या कमानीवर 300. या 300 किलोंनी गाडी 90 मिलिमीटर बसली. भागाकार करा: एक मिलिमीटर बसायला सुमारे 3.3 किलो लागतात. हा त्या कमानीचा कडकपणा.

कमानीत आठ पाटे आहेत. त्यात त्याच जाडीचा नववा घातला तर कडकपणा ढोबळमानाने नऊ-अष्टमांश होतो, म्हणजे 3.75 किलोच्या आसपास. तेच 300 किलो आता गाडीला 80 मिलिमीटर बसवतील. एका पाट्याने मिळाले एक सेंटिमीटर! मग गाडी चार बोटे वर आली ती कशामुळे? ती आली नव्या पाट्याच्या जास्त कमानीमुळे आणि जुने पाटे ठोकून पुन्हा वाकवल्यामुळे. उंची वाढणे आणि ताकद वाढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गिऱ्हाईक उंची पाहतो आणि ताकद समजतो.

जाडीचा हिसाब याहून वेगळा आहे, आणि इथेच जास्त फसगत होते. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 6 मिलिमीटर जाडीच्या पाट्याच्या जागी तेवढ्याच लांबी-रुंदीचा 8 मिलिमीटरचा घातला तर तो एकटा जवळजवळ 2.4 पाट्यांइतका कडक होतो. ट्रकच्या भंगारातला जाड पाटा कापून पिकअपमध्ये बसवण्याची पद्धत यामुळेच फोफावली. स्वस्तात गाडी टणक होते. पण सगळे पाटे एकत्र आवळले की ते एकत्रच वाकतात, आणि सारख्या वाकण्यात जाड पाट्याच्या अंगावर जास्त ताण येतो. म्हणजे जो पाटा सर्वांत मजबूत म्हणून घातला तोच आधी तुटतो. जाड पाटा तुटला की आजवर त्याने उचललेले ओझे बाकीच्या पातळ पाट्यांवर एका क्षणात येऊन पडते. उसूल असा की कमानीत नवा पाटा घालायचा तर तो जाडीने, रुंदीने आणि पोलादाने सोबत्यांच्या बरोबरीचा हवा.

जाताना भरलेली, येताना रिकामी

आमच्या धंद्यातली गाडी जाताना भरून जाते आणि बाजार चांगला झाला तर रिकामी परतते. बाजार झाला नाही तर माल परत आणतो, ती गोष्ट वेगळी! जी कमान भरल्या गाडीला बरोबर तीच रिकाम्या गाडीला लाकडासारखी होते. खडीच्या रस्त्यावर रिकामी गाडी उडते, मागचे चाक जमीन सोडते. ज्या क्षणी चाक हवेत आहे त्या क्षणी त्याचा ब्रेक काहीच करत नाही.

डोंगरातल्या कच्च्या वाटेवर आणखी एक अडचण आहे. बिलगाव, भूषा या नर्मदेकडच्या बाजूला किंवा तोरणमाळच्या वाटांवर पावसाळ्यानंतर रस्ता एका बाजूला खचलेला, दुसऱ्या बाजूला दगड वर आलेला असतो. एक चाक चढते तेव्हा दुसरे खाली लोंबायला हवे. कमान मऊ असेल तर ते लोंबते आणि जमीन धरून राहते. कमान कडक असेल तर सगळी गाडीच एका अंगावर कलते आणि एक चाक अधांतरी राहते. साध्या डिफरन्सियलमध्ये अधांतरी चाक मोकळे फिरते आणि जमिनीवरच्या चाकालाही पुढे ढकलायला जोर उरत नाही. मग क्लीनर उतरून दगड लावतो. कडक कमानीची गाडी डोंगरात चांगली चालते, हा समज निव्वळ चुकीचा आहे. डोंगरात चालते ती लवचिक कमान.

यावर जुना आणि चांगला इलाज म्हणजे हेल्पर पाटे. मुख्य कमानीवर किंवा तिच्याखाली दोन-तीन पाट्यांची छोटी कमान अशी बसवतात की रिकाम्या गाडीत तिची टोके कशालाच टेकत नाहीत. माल भरून गाडी ठरावीक बसली की टोके टेकतात आणि दुसरी कमान ओझ्याला खांदा देते. रिकामी असताना मऊ, भरल्यावर टणक. अनेक मालवाहू गाड्यांना कंपनीच अशी रचना देते. आमच्या मते अंगणातल्या कारीगराने सर्वांत जास्त लक्ष याच्यावर द्यावे. कुठल्या ओझ्याला हेल्पर टेकावा, हे अंदाजाने ठरवायचे नाही. गाडी रिकामी आणि भरलेली अशी दोनदा वजनकाट्यावर न्यायची, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलायचा, आणि प्रत्येक वेळी चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानपत्र्यापर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवायचे. वहीत ही आठ मापे असली की पुढचा सगळा हिसाब घरी बसून करता येतो.

कापडाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. कापड डोळ्याला हलके दिसते म्हणून गाडीवाला बिनधास्त गाठी रचतो. सुती माल आवळून बांधलेला असेल तर एका गाठीचे वजन दोन माणसांना नकोसे होते. वरून ताडपत्री फाटकी आणि आषाढाचा पाऊस असेल तर सूत पाणी पिते, आणि खाली शहाद्यात तोललेले वजन वर धडगावात तेच राहत नाही.

उंचीची किंमत

गाडी उंच करण्याचा शौक आता तरुणांमध्ये फार आहे. दगड लागू नये म्हणून थोडी उंची हवी, हे खरे. पण उंची फुकट मिळत नाही. समजा गाडीच्या दोन चाकांमधले अंतर 1,300 मिलिमीटर आहे आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून 700 मिलिमीटरवर आहे. अशी गाडी उभ्या उभ्या सुमारे 43 अंश कलली की उलटते. तिला 100 मिलिमीटर वर उचला, हा कोन 39 होतो. टपावर माल टाकून मध्य आणखी 100 वर न्या, 36 होतो. हे झाले जागेवर उभ्या गाडीचे. वळणावर वेगात असलेल्या, भार डुलणाऱ्या गाडीला याच्या निम्म्या कोनाचीही गरज नसते.

ऑक्टोबर 2025 मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली आणि माणसे मेली. त्या अपघाताचे कारण ठरवणे हे आमचे काम नाही. मात्र मालाच्या गाडीत उभी माणसे भरली की वजनाचा मध्य त्यांच्या कमरेपर्यंत चढतो, आणि कुठल्याही पाट्याने तो खाली येत नाही, एवढे प्रत्येक गाडीवाल्याने ध्यानात घ्यावे. याच घाटात सप्टेंबर 2021 मध्ये दरड कोसळून रस्ता बंद झाला होता आणि आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेल्या माणसाच्या खांद्यावरच तिचा जीव गेला. ज्या मुलखात रस्ता असा आहे तिथे गाडीची कमान ही चैनीची किंवा शौकाची बाब राहत नाही.

अंगणातले काम

आता कारीगर बंधूंसाठी. गाडी जॅकवर चढवून खाली शिरणे म्हणजे स्वतःचा मरसिया लिहिणे. चासीखाली भक्कम लोखंडी घोडे लावावेत, उरलेल्या चाकांना पुढेमागे लाकडी उटी द्यावी, आणि मगच यू-बोल्टला पाना घालावा. आवळलेल्या कमानीत जोर साठलेला असतो. सेंटर बोल्ट सोडताना कमान आधी शिकंज्यात धरावी, नाहीतर पाटे उसळून हात मोडतो.

सुटे झालेले पाटे तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावेत. भेग शोधण्याची जुनी युक्ती अजूनही सर्वांत स्वस्त आहे. पाट्याला रॉकेल लावावे, ते आता सहज मिळत नाही म्हणून डिझेल चालते, थोडा वेळ मुरू द्यावे, कोरडे पुसावे आणि वरून खडू घासावा. भेग असेल तर आत शिरलेले तेल खडूवर काळी रेघ ओढते. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि डोळ्याच्या वळणावर विशेष पाहावे. भेगेचा पाटा कितीही बारीक भेग असली तरी भंगारात टाकावा. त्याला वेल्डिंग करू नये.

हे वेल्डिंगचे प्रकरण जरा विस्ताराने सांगायला हवे. कमानीचे पोलाद हे साधे लोखंड नव्हे. त्यात कर्ब अर्धा टक्का किंवा त्याहून किंचित जास्त असतो, सोबत सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. कारखान्यात ते साधारण 850 ते 900 अंशांपर्यंत लाल करून तेलात विझवतात, मग पुन्हा 400 ते 500 अंशांपर्यंत तापवून त्याला पाणी देतात. या दुसऱ्या तापवण्यानेच पाट्याला वाकून परत येण्याचा गुण मिळतो. वेल्डिंगच्या शेगडीने शेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो, आणि गॅसने लाल करून वाकवलेला पाटा मऊ पडतो. दोन्ही पाटे अंगणातून बाहेर पडताना सुंदर दिसतात. एक घाटात तुटतो, दुसरा महिन्याभरात बसतो. गॅसच्या ज्वालेने पाट्याला भोक पाडणे हाही त्याच जातीचा गुन्हा.

बसलेला पाटा थंडच ठोकून वाकवायचा. ऐरणीवर किंवा दोन टेकूंवर ठेवून टोकाकडून मधाकडे सारख्या अंतराने घण मारीत जायचे. एकाच जागी मारले की तिथे कोन पडतो आणि पुढे तिथेच तुटतो. दोन डोळ्यांमध्ये दोरी ताणून दोरीपासून पाट्याच्या मधापर्यंत माप घ्यावे आणि डाव्या-उजव्या कमानीचे माप मिळवावे.

जुने उस्ताद शागिर्दाला एक गोष्ट हाताने शिकवत, तोंडाने क्वचितच सांगत. पाटे एकावर एक ठेवले की प्रत्येक दोन पाट्यांमध्ये मधोमध नखाएवढी फट दिसली पाहिजे. म्हणजे खालचा आखूड पाटा वरच्यापेक्षा किंचित जास्त वाकलेला हवा. सेंटर बोल्ट आवळला की ही फट मिटते. ती का ठेवायची? फट मिटवताना आखूड पाटे मेन पाट्याला वरच्या दिशेने ढकलतात आणि ओझे येण्याआधीच त्याच्यावरचा ताण थोडा हलका करून ठेवतात. ब्रेक आणि गिअर यांचा ताण मेन पाट्यालाच सोसायचा असतो, म्हणून ही सवलत त्याला मिळायला हवी. फट उलटी पडली, म्हणजे टोके उघडी आणि मध्य टेकलेला, तर आखूड पाटे नुसते शोभेला राहतात.

जोडणीत पाट्यांमध्ये ग्रेफाइटचा ग्रीस लावावा, झिजलेले बुश बदलावेत. यू-बोल्ट एकदा पूर्ण ताणून वापरला की तो पुन्हा वापरू नये. बाजारातली आटेदार सळई वाकवून घरी यू-बोल्ट बनवणे हे तर मुळीच नको. ज्याच्यावर 8.8 किंवा 10.9 असा दर्जा कोरलेला आहे असाच बोल्ट घ्यावा. पाटा वाढवला असेल तर बोल्टही तेवढा लांब लागतो, नाहीतर नट अर्ध्या आट्यावरच बसतो. चार नट आळीपाळीने, समोरासमोर आवळावेत. ॲक्सलला खरी पकड यू-बोल्टची असते, सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. यू-बोल्ट ढिला झाला की सगळा घसारा सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि ॲक्सल मागे सरकतो. शॅकलचे नट मात्र गाडी जमिनीवर उभी करून, चाकांवर पूर्ण वजन आल्यावर आवळावेत. हवेत आवळले तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात.

पाटे कडक केले आणि शॉकॲब्सॉर्बर जुनाच ठेवला तर काम अर्धेच झाले. कमान धक्का साठवते आणि परत देते. तो धक्का खाऊन टाकण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. गाडी उंच केल्यावर तो पूर्ण ताणला जाऊन तुटत नाही ना, ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, प्रोपेलर शाफ्टचा कोन फार मोडत नाही ना, हे चाक पूर्ण खाली लोंबवून पाहावे.

आणखी एक बाब आहे, ती चांगल्या चांगल्या कारीगरांनाही ठाऊक नसते. अनेक पिकअपांमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व असतो, त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी जितकी बसेल तितका मागच्या चाकांना जास्त ब्रेक, रिकामी असेल तर कमी, अशी त्याची योजना. व्हॉल्वला वजन कळत नाही, त्याला फक्त उंची कळते. आपण पाटे चढवून गाडी उंच केली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर. चांदसैली किंवा मोलगीकडचा देवगोई घाट उतरताना पुढचे ब्रेक तापतात आणि पेडल मऊ पडू लागते. गाडीवाला ब्रेकवाल्याला दोष देतो. दोष पाट्यात असतो! उंची बदलली तर हा व्हॉल्व कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा लावून घेतलाच पाहिजे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलेला तपशील कंपनीने ठरवलेल्या रचनेपासून दूर जाईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182-अ आले. त्याच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे परवानगीबाहेर बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जादा वजनासाठी कलम 194 मध्ये 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये असा दंड आहे, शिवाय जादा माल स्वखर्चाने उतरवावा लागतो.

व्यवहारात याचा अर्थ असा. झिजलेली कमान कंपनीच्या मापाने पुन्हा बांधणे ही दुरुस्ती आहे, त्याला कोणी हरकत घेत नाही. गाडी उंच करणे, ॲक्सलच्या खालची कमान वर घेणे, कंपनीने न दिलेला हेल्पर बसवणे यांसाठी आधी आरटीओकडे लेखी विचारणा करावी. शेतातल्या किंवा शर्यतीच्या खासगी गाडीवर हुनर दाखवायचा तर जरूर दाखवावा, पण ती गाडी बाजाराच्या रस्त्यावर आणू नये. विमा कंपनीला दाव्याच्या वेळी बदललेली कमान दिसली तर ती पैसे नाकारायला आधार शोधणारच.

आणि पाटे कितीही वाढवले तरी नोंदणी पुस्तकात लिहिलेले एकूण वजन एका किलोनेही वाढत नाही. कारण ते वजन कमानीचे नाही, टायर, ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग आणि चासी या सगळ्यांचे आहे. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मापतोलात कमी देणाऱ्यांचा निषेध आहे, हे प्रत्येक मुसलमान व्यापाऱ्याला ठाऊक असते. गजात आणि तराजूत आम्ही जपतो. गाडी भरताना तोच तराजू कुठे जातो, असा आमचा आमच्याच बिरादरीला सवाल आहे. चार गाठी जास्त टाकल्या म्हणून भाड्याचे जे पैसे वाचतात ते ड्रायव्हरच्या जिवावर वाचतात, आणि ड्रायव्हर हा बहुधा आपल्यापेक्षा गरीब माणूस असतो.

मजुरी आणि पावती

राहिला प्रश्न मजुरीचा. पाटेवाला आजही पाट्यामागे पैसे घेतो. जितके पाटे वाढवले तितकी मजुरी. या हिसाबात "पाटा वाढवायची गरज नाही, बुश आणि यू-बोल्ट बदला" असे सांगणारा उस्ताद स्वतःचे नुकसान करून घेतो. आमच्या मते कारीगराने तपासणीची मजुरी वेगळी लावावी आणि व्यापाऱ्याने ती कुरकुर न करता द्यावी. डॉक्टर गोळी न देता सल्ला दिला तरी फी घेतोच की!

पावती मात्र पक्की असावी. गाडीचा नंबर, तारीख, किती किलोमीटर चालली तो आकडा, रिकाम्या आणि भरल्या गाडीचे ॲक्सलप्रमाणे वजन, चारही चाकांवरची उंची, कुठला पाटा बदलला व त्याची जाडी-रुंदी, यू-बोल्टचा दर्जा, आणि ब्रेकचा व्हॉल्व तपासला की नाही. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक आपल्या वहीत. नोंदणीतल्या वजनापेक्षा जास्त माल वाहण्यासाठी पाटे मागणाऱ्याला नकार दिला असेल तर तेही वहीत लिहून ठेवावे. पुढे चौकशी झाली तर तीच वही कारीगराच्या बाजूने बोलते.

आणि पावतीच्या तळाला मोठ्या अक्षरांत एवढे लिहावे: शंभरेक किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घेणे, पाचशेवर आणखी एकदा, त्याची मजुरी लागणार नाही. नवे पाटे एकमेकांवर बसताना रंग आणि गंज चिरडला जातो आणि आवळलेला नट आपोआप सैल पडतो. धडगावची एक फेरी झाली की पहिली वेळ आलीच समजा.